दोघांचे मिळून एक तिकीट
(चिखलदऱ्याच्या प्रौढ वर्गात दिलेले भाषण)



म्हातारपणी माणसाला एक शब्द फार ऐकावा लागतो. तो शब्द म्हणजे ‘बसा’. शेताकडे निघाले की बसा. बाजाराला निघाले की बसा. लेक म्हणतो बसा, सून म्हणते बसा. सारे प्रेमानेच म्हणतात. पण बसून बसून पाय आखडतात. पाय आखडले की मनही आखडते.

आज आम्ही तुम्हांला उठण्याविषयी चार गोष्टी सांगणार आहोत.

येत्या सोमवारी सकाळच्या गाडीने आम्ही दोघे, नवराबायको, चिखलदऱ्याहून निघत आहोत. जाण्याचे ठिकाण अलिबाग. तेथे समुद्र आहे. एस.टी.ने जाणार, एस.टी.नेच परत येणार. जाण्याची वाट आठशे किलोमीटरच्या आसपास आहे. जाऊन येऊन तीन आठवडे लागतील.

ही बातमी गावात पसरली. मग लोक विचारू लागले. “मास्तर, या वयात कायले जाता जी?” “पैसा किती लागन?” “वाटेत तब्येत बिघडली तं कोण पाहीन?” “एवढ्या मोठ्या मुलखात वाट कशी सापडन?”

चारही प्रश्न खरे आहेत. चारही प्रश्नांची उत्तरे आज देतो. आमच्यासाठी नव्हे. उद्या तुम्हांलाही कोठे जावेसे वाटेल, तेव्हा ती उपयोगी पडतील.

कशाला जायचे?

आमच्या घरी ज्या आहेत त्यांना तुम्ही मास्तरीणबाई म्हणता. आज आम्हीही तसेच म्हणू. लग्नाला ४२ वर्षे झाली. इतक्या वर्षांत त्या माहेरी गेल्या. लग्नकार्याला गेल्या. दवाखान्यात गेल्या. चौथ्या कामासाठी त्या घराबाहेर पडल्या नाहीत. घरात माणसे होती, गोठ्यात जनावर होते, चूल होती. हे सोडून जाणार कशा?

मागच्या वर्षी त्यांच्या डोळ्यांचे मोतीबिंदू काढले. आता त्यांना लख्ख दिसते. पावसाळ्यात एके दिवशी त्या कौलांवरून गळणारे पाणी पाहत होत्या. म्हणाल्या, “अहो, हे एवढं पाणी जाते कुठी?”

आम्ही सांगितले. आपल्या डोंगराच्या उत्तरेचे पाणी सिपनेसारख्या नद्यांतून तापीला जाते. दक्षिणेकडे उतरणारे पाणी पूर्णेला जाते. पूर्णाही पुढे चांगदेवजवळ तापीलाच मिळते. तापी सुरतेच्या पुढे समुद्राला मिळते. म्हणजे चिखलदऱ्याच्या कौलावरचा थेंब शेवटी समुद्रात जातो.

त्या म्हणाल्या, “पाणी जाते समुद्रापर्यंत, अन् आपण काऊन नाही जात?”

या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. म्हणून जायचे ठरले.

आमचा मुलगा गुणी आहे. तो म्हणतो, “थांबा, मला सुटी मिळाली की मोटारीने नेतो.” असे तो सहा वर्षे म्हणत आहे. यात त्याचा दोष नाही. नोकरीत सुटी मिळत नाही. पण आमच्या गुडघ्यांनाही धीर नाही. आज मास्तरीणबाई एस.टी.ची पायरी स्वतः चढतात. आणखी पाच वर्षांनी चढतील काय? कोण सांगणार? जी गोष्ट पायांनी करावयाची, ती पाय आहेत तोवर करावी.

म्हातारपणी दोघांनी निघणे ही काही नवी गोष्ट नव्हे. सातपुड्याच्या पलीकडे नर्मदा वाहते. जबलपूरला अमृतलाल वेगड नावाचे चित्रकलेचे शिक्षक होते. १९७७ साली, पन्नाशीच्या सुमारास, त्यांनी नर्मदेची पायी परिक्रमा सुरू केली. नर्मदा १,३१२ किलोमीटर लांब आहे. परिक्रमेत दोन्ही काठ चालावे लागतात. मग नोकरी करणाऱ्या माणसाने ती कशी केली? तुकडे पाडून केली. सुटी मिळाली की काही मजल चालायचे आणि घरी यायचे. पुढल्या वेळी तेथूनच पुढे निघायचे. पुढे २००२ साली, पंचाहत्तरी जवळ आली तेव्हा, ते पुन्हा काठाने निघाले. या वेळी पत्नी कांताबाई बरोबर होत्या. २०१८ साली वेगड वारले. त्यांनी नर्मदेवर पुस्तके लिहिली. त्यांतले एक मराठीतही आले आहे.

यात शिकण्यासारखे एक आहे. मोठी वाट एका दमात चालावी लागत नाही. तुकडे पाडले की मोठी वाटही लहान होते.

दूर ऑस्ट्रेलिया देशात तर ही रीतच पडली आहे. नोकरी संपली की पुष्कळ नवराबायको गाडीमागे लहानसे चाकांचे घर जोडतात आणि महिनोन्‌महिने देशभर फिरतात. त्यांच्याजवळ चाकांचे घर आहे. आपल्याजवळ लाल गाडी आहे आणि धर्मशाळा आहेत. आपले काही अडत नाही.

पैसा किती लागतो?

पैशाचे बोलणे स्पष्ट असावे. कर्ज काढून प्रवास करू नये. बियाण्याचा पैसा, नातवाच्या फीचा पैसा प्रवासात घालू नये. आम्ही दोन वर्षे पेन्शनमधून थोडे थोडे बाजूला ठेवले. तेवढ्यातच सारे बसवावयाचे आहे.

पण पुष्कळ लोकांना सवलतींची माहिती नसते. म्हणून ती नीट सांगतो.

महाराष्ट्रात एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला गेली. आज गावोगावी एस.टी. जाते. या एस.टी.त वयाची ६५ वर्षे पूर्ण झालेल्यांना अर्धे तिकीट आहे. ७५ वर्षांवरील माणसाला तिकीटच नाही. ही सोय ऑगस्ट २०२२ पासून मिळाली. १७ मार्च २०२३ पासून बायकांना कोणत्याही वयात अर्धे तिकीट झाले. ही सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंत असते. दोन सवलती एकाच माणसाला एकावर एक मिळत नाहीत. वयाचा पुरावा जवळ ठेवावा लागतो. नियम बदलू शकतात. म्हणून निघण्यापूर्वी स्थानकावर विचारून घ्यावे.

आता आमचा हिशेब करा. आमचे वय ६७. मास्तरीणबाईंचे वय ६२. समजा, एका गावाचे पुरे भाडे ३०० रुपये आहे. आम्हांला लागतील १५०. त्यांना लागतील १५०. दोन्ही मिळून ३००. म्हणजे दोघांचे मिळून एकच तिकीट झाले. पूर्वी नवरा एकटा जाई आणि म्हणे, दोघांचे भाडे परवडत नाही. आता तसे म्हणता येणार नाही. एकट्याच्या भाड्यात दोघे जातात.

मुक्कामाचेही असेच आहे. मोठ्या हॉटेलात उतरण्याचे कारण नाही. आपल्याच अमरावती जिल्ह्यात, शेंडगाव येथे, १८७६ साली गाडगे महाराज जन्मले. त्यांना शाळा मिळाली नाही. हातात खराटा घेऊन ते गावोगाव चालत फिरले. वाटसरूचे हाल त्यांनी स्वतः भोगले होते. म्हणून पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे त्यांनी धर्मशाळा बांधविल्या. गरीब वाटसरूला रात्री पाठ टेकावयास जागा मिळावी, हाच हेतू. १९५६ साली ते गेले. धर्मशाळेत उतरले म्हणजे आपण कोणाच्या दारी भीक मागत नाही. आपल्याच थोर माणसाने आपल्यासाठी केलेली ती सोय आहे. आपण एवढेच करावे. निघताना जागा झाडून निघावे.

ज्यांना पेन्शन नाही त्यांनी काय करावे? त्यांनी लहान प्रवास करावा. एका दिवसात कौंडण्यपूर पाहून येता येते. रुक्मिणीचे माहेर म्हणून आपण ते नाव लहानपणापासून ऐकतो. जिल्ह्यात राहून ते किती जणांनी पाहिले आहे?

तब्येतीचे काय?

आम्ही निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारले. त्यांनी तपासून जा म्हटले. ते नको म्हणते तर आम्ही थांबलो असतो. हट्टाने निघू नये.

रक्तदाबाच्या गोळ्या २५ दिवसांच्या घेतल्या आहेत. प्रवास २१ दिवसांचा आहे. चार दिवसांच्या जास्त असू द्याव्या. गोळ्या मोठ्या पिशवीत ठेवू नयेत. हातातल्या पिशवीत ठेवाव्या. ज्याला साखरेचा विकार आहे त्याने गाडीत उपाशी राहू नये. भाजलेले चणे किंवा पोळी जवळ असावी.

दोघांच्याही खिशात एक कागद आहे. त्यावर नाव, गाव, वय, आजार, गोळ्यांची नावे आणि मुलाचा फोन नंबर लिहिला आहे. फोन हरवतो, बंद पडतो. कागद बंद पडत नाही. पुढील आकडे तुम्हीही वहीत लिहून घ्या. रुग्णवाहिकेसाठी १०८. कोणत्याही संकटात ११२. वृद्ध माणसांच्या मदतीसाठी १४५६७.

रात्रीचा प्रवास करणार नाही. एका दिवसात चारपाच तासांहून अधिक बसणार नाही. दोन दिवस प्रवास झाला की एक दिवस विसावा. गाडीत मागच्या चाकावर बसू नये, तेथे धक्के फार बसतात. मधली जागा बरी. घाटात मळमळत असेल तर पोट हलके ठेवावे आणि दूर समोर पाहावे. बसल्या जागी पाय घोट्यापासून हलवीत राहावे, म्हणजे सुजत नाहीत.

आता एक गोष्ट मायबहिणींसाठी. ती बोलायला लाज वाटते, पण बोललीच पाहिजे. प्रवासात लघवीला कोठे जायचे या भीतीने बायका सकाळपासून पाणी पीत नाहीत. म्हाताऱ्या बाईला याने चक्कर येते. लघवीची जळजळ सुरू होते. असे करू नये. पाणी प्यावे. स्थानकावर उतरल्याबरोबर आधी ‘स्वच्छतागृह’ ही पाटी शोधावी. तिच्याखाली ‘स्त्रिया’ लिहिलेले दार पाहावे. गाडी सुटायला वेळ असेल तर कंडक्टरला सांगून जावे. ‘दादा, दोन मिनिटं थांबा’ असे म्हणण्यात काही कमीपणा नाही. आणि पुरुषांनीही हे ध्यानात ठेवावे. बाईने मागण्याची वाट पाहू नये. आपणच विचारावे.

लोक आम्हांला हळू आवाजात आणखी एक विचारतात. वाटेत बरेवाईट झाले तर? त्याचे उत्तर असे. बरेवाईट घरीही होते. खाटेवर बसणारा काही अमर होत नाही. काळजी घ्यावी, कागद खिशात ठेवावा आणि निघावे.

वाट कशी सापडते?

वाट डोळ्यांनी सापडते. पण त्या डोळ्यांना अक्षर ओळखता आले पाहिजे.

मास्तरीणबाई चौथीपर्यंत शिकल्या होत्या. पुढे चाळीस वर्षे पुस्तक हातात आले नाही. अक्षर मोडले. दोन वर्षांपूर्वी त्या याच वर्गात मागच्या रांगेत येऊन बसू लागल्या. हे तुम्ही सारे जाणता. त्यांनी तुमच्याबरोबरच पाटी हातात घेतली.

मागच्या माघात आम्ही तालीम म्हणून अकोल्याची एक फेरी केली. परतवाड्याच्या स्थानकावर गाडी लागली. एकच गर्दी उडाली. कोणी ओरडले, “अकोल्याची लागली!” एक म्हातारी नातवाला घेऊन चढू लागली. तिला अकोल्याला दवाखान्यात जायचे होते. मास्तरीणबाईंनी तिला हाताने थांबविले. म्हणाल्या, “थांब माय. शेवटचं अक्षर पाहू दे. ट हाये का ला?”

अक्षर ट होते. गाडी अकोटची होती.

अकोट आणि अकोला. पहिली दोन अक्षरे तीच. शेवटच्या एका अक्षराने माणूस दुसऱ्याच गावी जातो. आजारी लेकरू घेऊन म्हातारी भलतीकडे उतरली असती. म्हणून सांगतो, पाटी अर्धी वाचू नका. पहिल्या अक्षरावरून गाव ओळखू नका. शब्द शेवटपर्यंत वाचा.

पाटीवर आणखी एक शब्द असतो, ‘मार्गे’. त्याचा अर्थ, त्या गावावरून. ‘अमुक मार्गे तमुक’ असे लिहिले असेल तर गाडी आधी अमुक गावाला जाते, मग तमुक गावाला. हा एक शब्द आला की अर्धा प्रवास आला.

काही गावांची नावे बदलली आहेत. आपण औरंगाबाद म्हणतो. पाटीवर छत्रपती संभाजीनगर असते. आपण नगर म्हणतो. पाटीवर अहिल्यानगर असते. जुने नाव तोंडात असू द्या, नवे नाव डोळ्यांना ठाऊक असू द्या.

वेळापत्रकात १४.३० असे आकडे असतात. त्याला घाबरू नये. बारापेक्षा मोठा आकडा दिसला की त्यातून १२ वजा करावे. १४ वजा १२ म्हणजे २. गाडी दुपारी अडीचला आहे. १७.१५ म्हणजे किती? तुम्हीच वहीवर करून पाहा.

आमची वाट

आता आमची वाट सांगतो. घाट उतरून परतवाडा. तेथून अकोटवरून शेगाव. तेथे गजानन महाराजांची समाधी आहे. तेथे दोन रात्री मुक्काम.

पुढे खामगाव, मेहकर, लोणार. फार फार पूर्वी आकाशातून मोठा दगड पडला आणि लोणारला जमिनीत सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंदीचा खड्डा झाला. त्यात खारे पाणी साठले आहे. जून २०२० मध्ये ते पाणी गुलाबी झाले होते. लोकांना तो चमत्कार वाटला. तपासात कळले की खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या अतिसूक्ष्म जीवांमुळे तो रंग आला होता.

मग सिंदखेड राजा. तेथे १२ जानेवारी १५९८ रोजी जिजाऊ जन्मल्या. त्यांच्या वडिलांचा, लखुजी जाधवरावांचा, वाडा तेथे आहे. मास्तरीणबाईंना तो उंबरठा पाहावयाचा आहे.

पुढे जालना आणि छत्रपती संभाजीनगर. तेथून वेरूळ. वेरूळला डोंगरात ३४ लेणी आहेत. त्यांतले कैलास लेणे बाराशे वर्षांहून जुने आहे. एकाच खडकातून, वरून खाली कोरीत आणलेले ते देऊळ आहे. आपण घर पायापासून बांधतो. त्यांनी कळसापासून आरंभ केला. मंगळवारी लेणी बंद असतात, म्हणून आम्ही वार मोजून जाणार.

पुढे अहिल्यानगर आणि पुणे. पुण्याहून घाट उतरला की कोकण. मग पेण आणि अलिबाग.

कोणी म्हणेल, आता नागपूर ते मुंबई समृद्धी महामार्ग झाला. जून २०२५ मध्ये तो पुरा उघडला. ७०१ किलोमीटर वाट मोटारीने आठ तासांत होते. मग तीन आठवडे कशाला? ज्याला काम आहे त्याने त्या रस्त्याने जावे. त्याची सोय झाली, हे चांगलेच आहे. आम्हांला काम नाही. आम्हांला पाहावयाचे आहे.

अलिबागच्या किनाऱ्यासमोर, पाण्यात, कुलाबा किल्ला आहे. शिवाजी महाराजांनी तो बांधावयास घेतला. पुढे तो आंग्र्यांच्या आरमाराचे ठाणे झाला. समुद्राचे पाणी दिवसातून साधारण दोन वेळा चढते आणि दोन वेळा उतरते. चढते ती भरती, उतरते ती ओहोटी. चंद्र आणि सूर्य पाण्याला ओढतात म्हणून असे होते. पुरी ओहोटी असली की लोक किल्ल्यापर्यंत चालत जातात. वेळ चुकली तर पाणी वाट अडविते. म्हणून आधी किनाऱ्यावरच्या माणसांना वेळ विचारावयाची आणि मगच पाय पुढे टाकावयाचा. समुद्र सुंदर आहे, पण त्याच्याशी आगाऊपणा चालत नाही.

परत येताना पंढरपूर करून येऊ.

आमची गाय पुतण्याच्या दावणीला राहील. घराची किल्ली शेजारी राहील. पैसे तीन ठिकाणी वाटून ठेवले आहेत. थोडे खिशात, थोडे पिशवीच्या तळाशी, थोडे मास्तरीणबाईंच्या बटव्यात. कपड्यांचे दोनच जोड घेतले आहेत. जेवढे ओझे स्वतःच्या हाताने गाडीत चढविता येते तेवढेच घ्यावे.

वर्ग बंद राहणार नाही. तुमच्यातलेच दोघे तो चालवतील. फळ्यावर दहा पाट्या लिहून ठेवल्या आहेत. अकोट, अकोला, शेगाव, शेवगाव, मेहकर, जालना, पुणे, पेण, ‘मार्गे’, ‘स्वच्छतागृह’. रोज एकाने उभे राहून मोठ्याने वाचाव्या. चुकले तर हसू नये. पुन्हा वाचावे.

अलिबागहून मास्तरीणबाई वर्गाच्या नावाने एक पोस्टकार्ड पाठविणार आहेत. ते त्या स्वतःच्या हाताने लिहिणार आहेत. त्यात काय लिहिणार ते आम्हांलाही सांगितलेले नाही. कार्ड आले की शाळेच्या गुरुजींकडे नेऊ नका. मधोमध बसा आणि तुम्हीच वाचा.

आता वह्या काढा आणि १७.१५ चे उत्तर दाखवा.